ब्रेकचं पेडल मऊ झालंय. मास्टर सिलिंडर बदलण्याआधी काय काय तपासावं?

पूर्व_उपनगर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली म्हणून डावा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणारा) बदलून घेतला आणि त्याच वेळी मागचे लायनरही (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) नवे टाकले. तेव्हापासून पेडल पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पाय ठेवला की निम्म्यापर्यंत नुसतंच खाली जातं, मग ब्रेक धरायला लागतो. धरल्यावरही पायाखाली काहीतरी दबतंय असं जाणवतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की पेडल वर येतं आणि गाडी नीट थांबते.

गॅरेजमध्ये परत नेली. त्यांनी एअर, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा, काढून दिली, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. आता मेकॅनिकचं म्हणणं आहे की मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) गेला, पूर्ण असेंब्लीच बदलू.

बदलायला माझी ना नाही. पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईच्या उताराला पुढची बस थांबताना दिसली की मी आधीच एकदा पेडल दाबून ठेवते. पायाला ही सवय लागू नये असं मला मनापासून वाटतं. गाडीत मुलगी असते, सासूबाई असतात. नक्की काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही असं ठरवलंय. पाना धरायची सवय आहे. बॅटरी, फिल्टर, चाक, पुढचे पॅड घरीच बदलते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुठल्या तपासण्या करता येतील?

झटपट

मास्टर सिलिंडरच असणार. जुन्या गाडीत आतले रबर झिजतातच. बदलून टाका, विषय संपला.

जुना_पाना

ताई, आधी एक विनंती. याचा छडा लागेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. न्यावीच लागली तर टो करून न्या. दुसऱ्या दाबाला थांबणारी गाडी मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची नसते, कारण दुसरा दाब द्यायला वेळ मिळेलच असं नाही.

झटपट, तुमचा अंदाज बरोबर ठरूही शकतो. पण काम झालं मागच्या चाकांवर आणि त्यानंतर लगेच पेडल बिघडलं. अशा वेळी जिथं हात लागलाय तिथूनच शोध सुरू करायचा. मी आयुष्यभर गॅरेजमध्ये काम केलं आहे. मास्टर सिलिंडर नवा टाकूनही पेडल तसंच, अशा गाड्या सारख्या यायच्या. गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले असायचे आणि दोष जागेवरच.

आता तपासण्या. सपाट जागा, चाकांना अडण लावलेली, गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद ठेवून पेडल बऱ्याचदा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपेल आणि पायाला खरं काय आहे ते कळेल. मग पाय दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली सरकलं पाहिजे. ते बूस्टर चालू असल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरू नका. अजिबात सरकलं नाही आणि पेडल दगडासारखं लागलं, तर तो बूस्टरचा किंवा व्हॅक्यूम पाइपचा वेगळा आजार.

इंजिन चालू असतानाच पेडलवर हलका, एकसारखा दाब मिनिटभर धरून ठेवा. हलकाच. जोरात दाबलं तर मास्टर सिलिंडरचे झिजलेले रबरही सिलिंडरच्या भिंतीला चिकटून बसतात आणि दोष लपतो. हलक्या दाबाला पेडल हळूहळू तळाकडे जाऊ लागलं, तर एकतर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आत ऑइल रबरावरून मागे जातंय. ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी उतरली असेल तर गळती शोधा. पातळी जशीच्या तशी आणि पेडल मात्र बसतंय, तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायला जागा आहे.

पुढची तपासणी हँडब्रेकची, आणि तुमच्या बाबतीत मला हीच महत्त्वाची वाटते. हँडब्रेक सोडून पेडल कुठे धरतं ते बघा. मग हँडब्रेक पूर्ण ओढा आणि परत दाबा. पेडल एकदम वर आलं तर मागच्या लायनर आणि ड्रममध्ये गॅप जास्त आहे. कारण सोपं आहे. हँडब्रेकने लायनर आधीच ड्रमजवळ नेले, त्यामुळे व्हील सिलिंडरला कमी अंतर ढकलावं लागलं आणि पेडलचा प्रवास वाचला.

शेवटी लागोपाठ दोन-तीनदा दाबून बघा. पेडल वर येऊन टणक लागलं तर गॅपकडे बोट जातं. वर आलं पण तरीही पाय आत दबतोय, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा होज पाइप (चाकाजवळचा रबरी पाइप) फुगतोय. दोन्ही दोष एकत्र असू शकतात, म्हणून तपासण्या एकेक करा आणि लिहून ठेवा.

पास्कल

काकांनी क्रम छान दिलाय. त्यामागचं कारण थोडं मांडते, म्हणजे पुढच्या वेळी क्रम पाठ नसला तरी चालेल.

ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, असं धरून ही सगळी व्यवस्था उभी आहे. तुम्ही मास्टर सिलिंडरमध्ये दाब दिला की तोच दाब चारही चाकांच्या सिलिंडरमध्ये पोचतो. हवा मात्र दाबली जाते. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पायाचा पहिला प्रवास तो बुडबुडा लहान करण्यातच जातो. जुन्या रिक्षाचा रबरी भोंगा दाबल्यासारखं लागतं ते यामुळे.

लायनरचा गॅप जास्त असेल तेव्हा असं होत नाही. तिथे ऑइल नेहमीसारखंच वागतं, फक्त पिस्टनला जास्त अंतर जावं लागतं, म्हणजे जास्त ऑइल ढकलावं लागतं. पेडल खोल जातं, पण एकदा धरलं की घट्ट धरतं. दुसऱ्या दाबाला पेडल वर येण्याचं कारण असं की लायनर पूर्ण मागे यायच्या आत मास्टर सिलिंडर डब्यातून आणखी ऑइल ओढून पुढे भरतो.

ताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही दोन्ही लक्षणं लिहिली आहेत. निम्म्यापर्यंत नुसतं जाणं हे एक आणि धरल्यावर दबणं हे दुसरं. माझा अंदाज, तुमच्याकडे दोन दोष आहेत.

निळी_हॅचबॅक

छान धागा. एक शंका. माझं पेडलही जरा मऊ वाटतं. ब्रेक ऑइल डॉट 3 च्या ऐवजी डॉट 5 टाकलं तर? नंबर मोठा म्हणजे चांगलं ना?

पास्कल

नाही, कृपया डॉट 5 टाकू नका. ते सिलिकॉनचं असतं. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे ग्लायकॉल जातीचे आहेत. सिलिकॉन त्यांच्यात मिसळत नाही, शिवाय त्यात बारीक हवा अडकून राहते, म्हणजे पेडल आणखीच मऊ. एबीएसच्या गाडीत तर त्याचं नावच काढू नका. 5 आणि 5.1 या आकड्यांच्या सारखेपणामुळे लोक फसतात.

डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय ते टाका. बहुतेक गाड्यांना डॉट 3 किंवा डॉट 4 असतं. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, कारण त्याचा उत्कलनबिंदू जास्त. नव्या कोरड्या डॉट 3 ला किमान 205 अंश सेल्सिअस हवा, डॉट 4 ला 230, डॉट 5.1 ला 260. पण ऑइलने पाणी शोषलं की हे आकडे कोसळतात. 3.7 टक्के पाणी असताना डॉट 3 ची किमान मर्यादा 140 आहे आणि डॉट 4 ची 155.

आणि ते पाणी शोषतंच. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. डब्याच्या झाकणाच्या छिद्रातून, होज पाइपच्या रबरातून ओलावा आत जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, गाडी कमी चालली असली तरी. अर्धी वापरलेली बाटली वर्षभर माळ्यावर ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका.

घाटवाट

वरच्या आकड्यांचा अनुभव घाटात येतो. नेरळहून माथेरानला दस्तुरी नाक्यापर्यंत जो रस्ता जातो, त्याच्या उताराला ज्यांनी सतत ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली आहे त्यांना विचारा. खाली येता येता पेडल मऊ होतं आणि काही वेळाने तळाला टेकतं. गाडी थांबवून तासभर गार होऊ दिली की पेडल परत येतं, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. ठीक नसतं. कॅलिपरमधल्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइलमधलं पाणी उकळून वाफ झालेली असते, ती गार झाल्यावर परत पाणी होते.

घाटात दुसरा प्रकारही होतो. पेडल टणकच राहतं, पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो. त्यात पॅड तापून पकड सोडतात, ऑइलचा संबंध नसतो. मेकॅनिकला सांगताना हा फरक नक्की सांगा, नाहीतर तो भलतंच दुरुस्त करेल.

उताराला गिअर खालचा, दुसरा किंवा पहिला. ब्रेक थोडा दाबून सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून इंजिन बंद करून उतरणारे अजूनही दिसतात. इंजिन बंद म्हणजे बूस्टरला नवा व्हॅक्यूम नाही. दोन-तीन दाबांनंतर पेडल इतकं जड होतं की गाडी थांबवायला पायाचा सगळा जोर लावावा लागतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या चालकाला एकदा सांगावं.

पूर्व_उपनगर

सगळ्यांचे आभार. तपासण्या केल्या. काकांनी सांगितल्याप्रमाणे लिहूनच ठेवलं.

बूस्टर चालू आहे, इंजिन सुरू केल्यावर पेडल थोडं खाली गेलं. हलका दाब मिनिटभर धरला, पेडल जागेवर राहिलं. डब्यातली पातळी कमी झालेली नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो त्या सांध्याखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं आहे, रंगही उडालेला नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही.

हँडब्रेक ओढून दाबल्यावर पेडल बरंच वर आलं! फरक डोळ्यांना दिसतो इतका. हँडब्रेकही लायनर बदलण्यापूर्वीपेक्षा खूप जास्त वर येतोय, हे तेव्हा लक्षात आलं. मात्र हँडब्रेक ओढलेला असतानाही पायाखाली थोडं दबणं राहतंच. म्हणजे पास्कल म्हणतात तसे दोन दोष?

झटपट

मग हँडब्रेकची केबल ताणून घ्या. गॅरेजमध्ये पाच मिनिटांचं काम.

जुना_पाना

नको! आत्ता केबलला हात लावायचा नाही. लायनरचा गॅप जास्त असताना केबल ताणली की हँडब्रेक छान लागतो, आणि आतला दोष झाकला जातो. केबलने लायनरची लिव्हर कायम थोडी ओढलेली राहिली की आपोआप गॅप भरून काढणारा अ‍ॅडजस्टर काम करत नाही. आधी ड्रमच्या आतला गॅप, मग केबल. हा क्रम उलटा करायचा नाही.

ताई, हलक्या दाबाला पेडल जागेवर राहिलं हे उत्तम झालं. मास्टर सिलिंडरचे पैसे तूर्त खिशात ठेवा. आता दोन्ही मागचे ड्रम काढा. एकावेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. तुमच्या गाडीत दोन लायनरच्या मध्ये आडवा रॉड आणि त्यावर दातेरी चक्री असेल, तोच अ‍ॅडजस्टर. त्या चक्रीचे आटे डाव्या आणि उजव्या चाकाला उलट दिशेचे असतात. त्यावर बहुतेक वेळा खूण असते. दोन्ही रॉड हातात घेतले तर दिसायला सारखेच दिसतात, आणि लायनर बदलताना दोन्ही बाजू एकदम उघडल्या की अदलाबदल होते. तसं झालं तर चक्री फिरेल तेव्हा गॅप भरण्याऐवजी वाढेल. हे तपासा.

काही गाड्यांत चक्री नसते, दातेरी पट्टीचा प्रकार असतो. तिथे स्प्रिंग जागेवर आहे का आणि पट्टी गंजून अडकली आहे का ते बघायचं.

आणि हे काम करताना हँडब्रेक सोडलेला असणार, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ बसू नका, खाली स्टँड हवेतच.

दर्या_किनारा

वरळीला समुद्रासमोर गाडी उभी असते, म्हणून खाऱ्या हवेबद्दल लिहितो. आमच्याकडे ब्लीडरचे निपल (चाकाजवळचे हवा काढायचे स्क्रू) गंजून जाम होतात. साध्या पान्याने जोर लावला की निपलचे कोपरे गोल होतात, आणि मोडला तर नवा कॅलिपर किंवा नवा व्हील सिलिंडर. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, मापाचा रिंग पाना वापरा (बहुतेक 8 किंवा 10 चा लागतो), आणि सोडवण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा. रबरी टोपी काम झाल्यावर परत लावा. ती नसली की निपलच्या भोकात पाणी आणि माती जाते.

गाडीखालचे लोखंडी ब्रेक पाइपही बघा, विशेषतः क्लिपमध्ये अडकवलेल्या जागी. तिथे मिठाचा ओला चिखल साचतो आणि पाइप बाहेरून पोखरला जातो. वरवर गंज दिसला तर नखाने खरवडा. पापुद्रे निघत असतील तर पाइप बदलायचाच, रंग मारून भागत नाही.

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर ड्रममध्ये पाणी शिरतं. तेव्हा पेडल टणकच लागतं, पण पकड जाते. सावकाश जात हलका ब्रेक धरला की लायनर सुकतात. मऊ पेडलशी त्याचा संबंध नाही, पण पावसाळ्यात लोक दोन्ही एकच समजतात.

निळी_हॅचबॅक

होज पाइप फुगतो ते कसं ओळखायचं?

पास्कल

एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळच्या रबरी होजवर हात ठेवायचा. दाबताना तो जाडसर होत असेल, फुगवटा येत असेल तर संपला. भेगा, ओल, रबराचा पोत मऊ पडणं हीही लक्षणं आहेत.

दुसरा मार्ग होज चिमटण्याचा. गोलसर जबड्याच्या खास क्लॅम्पने चारही होज बंद करायचे. पेडल टणक झालं तर मास्टर सिलिंडर आणि लोखंडी पाइप निर्दोष. मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं. जो सोडल्यावर पेडल मऊ होईल, दोष त्या चाकाकडे. दोष कुठल्या कोपऱ्यात आहे हे यातून नेमकं कळतं.

जुना_पाना

या एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. पद्धत बरोबर आहे, पण जुन्या होजवर ती मी करत नाही. बाहेरून होज चांगला दिसतो, आतला थर चिमटल्यावर फाटतो. मग तो पापुद्रा आत झडपेसारखा वागतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक तापतं. पक्कड लावून तर कधीच नाही. स्टीलच्या जाळीच्या होजवरही नाही.

पास्कल

मान्य, काका. होज नवे असतील तरच, आणि क्लॅम्प योग्य असेल तरच. जुने असतील तर चिमटण्यापेक्षा ते बदललेलेच बरे, कारण त्यांचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं.

पूर्व_उपनगर

सापडलं! काका, अगदी तुम्ही म्हणालात तेच. डावा ड्रम उघडला, रॉडवर उजव्या बाजूची खूण. उजवा उघडला, त्यावर डाव्याची. चक्री हाताने फिरवून पाहिली, अ‍ॅडजस्टरची लिव्हर तिला ज्या दिशेला ढकलते त्या दिशेला रॉड आखूड होत होता. म्हणजे गाडी जितकी चालली तितका गॅप वाढत गेला.

दोन्ही रॉड आपापल्या जागी लावले, आटे साफ केले. ड्रम चढवून चक्री फिरवत लायनर ड्रमला जेमतेम घासेपर्यंत आणले, मग चाक मोकळं फिरेपर्यंत थोडं मागे घेतलं. पेडलचा खोल प्रवास गेला. हँडब्रेकही केबलला हात न लावता पूर्वीच्या उंचीवर आला!

आता फक्त दबणं उरलंय. म्हणजे हवा. गॅरेजमध्ये एअर काढूनही ती का राहिली असेल? निपल कोणत्या क्रमाने उघडायचे?

जुना_पाना

शाब्बास ताई! फार बरं वाटलं.

हवा का राहते, याची कारणं सांगतो. बरेच जण पेडल धपाधप मारतात. त्याने बुडबुड्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते ऑइलमध्ये विखुरतात. सावकाश दाबायचं. दुसरं, काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलजवळ भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा प्रवाह अडवतो. म्हणून स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा, म्हणजे स्प्रिंगवर वजन राहील. त्या व्हॉल्व्हवर वेगळा निपल असला तर तिथूनही हवा काढावी लागते.

क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाकडून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही उजवीकडे, त्यामुळे साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण काही गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिलेला असतो. मॅन्युअल मिळालं तर तोच पाळा.

निपलला पारदर्शक नळी घट्ट बसवा, दुसरं टोक बाटलीत थोड्या स्वच्छ ऑइलमध्ये बुडलेलं. आत बसणाऱ्याने सावकाश दाबून "धरलं" म्हणायचं. बाहेरच्याने निपल अर्धा वेढा उघडायचा, ऑइल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निपल बंद. मगच "सोड". निपल उघडा असताना पेडल सुटलं तर आट्यांतून हवा परत आत. घाईत नेमकं हेच होतं. मधून मधून डबा भरत राहा. डबा रिकामा झाला की मास्टर सिलिंडरमध्ये हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, तळाला टेकू देऊ नका. मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज आणि कचरा साचलेला असतो. पिस्टन तिथपर्यंत गेला की रबर कापले जातात. चांगला मास्टर सिलिंडर एअर काढतानाच जातो तो असा, आणि मग सगळे म्हणतात, बघा, तोच गेला होता.

नवीन व्हील सिलिंडर बसवलेल्या चाकावर हातोड्याच्या दांड्याने मागच्या प्लेटला हलके ठोके द्या, चिकटलेले बुडबुडे सुटून वर येतात. मदतीला कुणी नसेल तर निपल थोडा उघडून ऑइल आपल्या वजनाने थेंब थेंब येऊ द्या. वेळ लागतो, पण बुडबुडे फुटत नाहीत. जुनं काळपट जाऊन नवं स्वच्छ येईपर्यंत प्रत्येक चाकाला चालू ठेवा. अर्धा लिटर लागेल, जवळ एक लिटर असू द्या.

ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका. आणि डब्यात ब्रेक ऑइलशिवाय काहीही जाता कामा नये. स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल चुकून गेलं तर सगळे रबर फुगतात, आणि नुसतं धुऊन भागत नाही, रबराचा प्रत्येक पार्ट बदलावा लागतो.

घाटवाट

यात एक भर. ओळखीच्या गाडीला कितीही एअर काढली तरी पेडल मऊच. पुढचे दोन्ही कॅलिपर नवे, पण डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. निपल खालच्या बाजूला आले होते. हवा वर राहते, निपलमधून फक्त ऑइल येतं. निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे का, हे एअर काढण्याआधी बघावं.

दर्या_किनारा

पार्ट कुठून घ्यायचे यावर थोडं. ऑपेरा हाउसला ऑटो पार्टची दुकानं आहेत, तिथे व्हील सिलिंडर, होज, निपल, रबर किट सगळं मिळतं. जुना पार्ट सोबत न्या, मापं जुळवून घेता येतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात, आरसा, दरवाजा, दिवे यांसाठी ठीक. ब्रेकचा पार्ट मात्र जुना घेऊ नये, कुठल्याही भावात. आणि कंपनीच्या खोक्यात भरलेला नकली मालही बाजारात असतो, म्हणून पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

पूर्व_उपनगर

काम झालं. नवऱ्याला आत बसवलं, मी बाहेर. मागच्या डाव्या चाकातून सुरुवातीला नुसता फेस आला, मग बराच वेळ बुडबुडे. उजव्यातूनही थोडे. पुढून हवा नाही, पण ऑइल चहासारखं काळपट निघालं. डॉट 4 भरलं, ताज्या बाटलीतलं.

आता पेडल वरच धरतं आणि दबत नाही. इंजिन चालू ठेवून जोरात दाबून धरलं आणि प्रत्येक निपल टिश्यू पेपरने पुसून पाहिला, कोरडा. मग सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने, नंतर सकाळी रिकाम्या रस्त्यावर. गाडी सरळ थांबते, कुठल्या बाजूला ओढत नाही. परत आल्यावर मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात धरला, दोन्हीकडे सारखीच ऊब.

गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही रॉडचे फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलांना बोलावून दाखवलं. मला ते फार आवडलं.

काका, पास्कल, तुमचे मनापासून आभार. जुन्या ऑइलचं काय करायचं? जवळजवळ एक बाटली भरली आहे.

पास्कल

गटारात किंवा मोरीत ओतू नका, आणि डब्यात परत तर अजिबात नाही. झाकणाच्या बाटलीत भरून, वर "वापरलेलं ब्रेक ऑइल" लिहून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. इंजिनच्या जुन्या ऑइलमध्ये मिसळू नका, वेगळंच ठेवा. तोवर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

निळी_हॅचबॅक

माझ्या गाडीला एबीएस आहे. हीच पद्धत चालेल का?

जुना_पाना

डबा रिकामा होऊ दिला नाही आणि फक्त ऑइल बदलायचं असेल, तर हीच पद्धत चालते. पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, उदाहरणार्थ मास्टर सिलिंडर किंवा युनिटला जोडलेला पाइप उघडला असेल, तर आतले व्हॉल्व्ह आणि पंप स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) चालवून हवा बाहेर काढावी लागते. नुसत्या पेडलने ती निघत नाही. गाडी देण्याआधी गॅरेजला विचारा, तुमच्या गाडीचं एबीएस ब्लीडिंग तुमच्या स्कॅनरवर होतं का. नुसता कोड वाचणारा स्कॅनर असेल तर दुसरीकडे जा.

तुमचं पेडल कधीपासून मऊ वाटतंय आणि त्याआधी गाडीवर कुठलं काम झालं होतं, ते सविस्तर लिहा. हँडब्रेकची तपासणीही करून सांगा. मागेही डिस्क असतील तर ती तपासणी लागू पडत नाही, तेव्हा आधी ते बघून घ्या.